पहिला क्रमांक मिळूनही बढती नाही : जर्मनीच्या चौथ्या श्रेणीतील 2024-25 चा हंगाम

2024-25 च्या हंगामात लोकोमोटिव्ह लाइपझिग हा संघ आपल्या लीगच्या गुणतालिकेत पहिला आला. अठरा संघ, प्रत्येकाशी एकदा घरी आणि एकदा बाहेर, म्हणजे 34 सामने. जुलै-ऑगस्टच्या उकाड्यात सुरू होऊन, थंडीतल्या गोठलेल्या मैदानांवर अडखळून मे महिन्यात संपणारा हा प्रवास लोकोमोटिव्हने सर्वांच्या पुढे राहून पूर्ण केला. त्यानंतर त्याला आणखी दोन सामने खेळावे लागले. प्रतिस्पर्धी होता हावेल्झे, हानोवरजवळच्या गार्ब्झेन शहरातल्या एका उपनगराचा संघ. लाइपझिगमधला पहिला सामना 1-1 असा बरोबरीत सुटला, परतीच्या सामन्यात जादा वेळ खेळवावी लागली आणि हावेल्झेने तो 3-0 असा जिंकला. हावेल्झे वरच्या श्रेणीत गेला आणि विजेता लोकोमोटिव्ह जिथे होता तिथेच राहिला.

फुटबॉलची थोडीफार ओळख असलेल्या कुणालाही इथे प्रश्न पडेल. साखळी स्पर्धेत पहिला येणारा संघ वर जातो, ही तर या खेळाची मूळ रीत आहे, मग पहिला आलेला संघ वर का गेला नाही? उत्तर थोडे लांबलचक आहे, पण एकदा धागा हाती लागला की अवघड नाही. त्यासाठी आधी जर्मनीच्या फुटबॉलची उतरंड समजून घ्यायला हवी.

सर्वांत वर बुंडेसलीगा, तिच्यात 18 संघ. तिच्याखाली दुसरी बुंडेसलीगा, तिच्यातही 18 संघ. तिच्याखाली तिसरी लीग, जिच्यात 20 संघ आहेत. या तिन्ही श्रेणी देशव्यापी आहेत, म्हणजे बाल्टिक समुद्राकाठचा रोस्टॉकचा संघ आणि आल्प्सच्या पायथ्याजवळचा म्युनिकचा संघ एकाच तक्त्यात असू शकतात. चौथ्या श्रेणीत मात्र देशाचे पाच तुकडे होतात. या श्रेणीचे नाव रेगिओनाललीगा, शब्दशः प्रादेशिक लीग, आणि तिच्या पाच शाखा आहेत : उत्तर, ईशान्य, पश्चिम, नैऋत्य आणि बायर्न (ज्याला आपण इंग्रजीच्या सवयीने बव्हेरिया म्हणतो). पाचही शाखा एकाच पातळीवरच्या असून प्रत्येकीचा स्वतंत्र तक्ता, स्वतंत्र वेळापत्रक आणि स्वतंत्र विजेता असतो. तिसरी लीग जर्मन फुटबॉल महासंघ, म्हणजे डीएफबी, स्वतः चालवतो. रेगिओनाललीगाच्या शाखा मात्र त्या त्या विभागाच्या संघटना चालवतात, आणि पुढच्या साऱ्या गुंत्याचे मूळ बहुतांशी या एका गोष्टीत आहे.

व्यावसायिकतेची सीमारेषाही इथेच कुठेतरी पुसट होते. तिसऱ्या लीगपर्यंत सगळे खेळाडू पूर्णवेळ फुटबॉलवर जगतात, असे साधारणपणे धरता येते. चौथ्या श्रेणीत एकाच तक्त्यात पूर्णवेळ पगारी खेळाडूंचा संघही असतो, आणि दिवसा नोकरी किंवा शिक्षण सांभाळून संध्याकाळी दिव्यांच्या उजेडात सराव करणाऱ्यांचा संघही असतो. म्हणूनच वर जायचे की नाही, हा प्रश्न या क्लबांसाठी केवळ मानाचा नसून पोटापाण्याचाही आहे.

आता या पाच विभागांच्या सीमा पाहू. जर्मनीत 16 राज्ये आहेत. उत्तर विभागात श्लेस्विग-होल्स्टाइन, हाम्बुर्ग, ब्रेमेन आणि लोअर सॅक्सनी ही चार राज्ये येतात. ईशान्य विभागात बर्लिन धरून सहा राज्ये आहेत आणि पश्चिम बर्लिन वगळले तर हा जवळजवळ संपूर्णपणे जुना पूर्व जर्मनी आहे. पश्चिम विभाग म्हणजे नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया हे एकच, पण अतिशय दाट वस्तीचे राज्य. नैऋत्य विभागात बाडेन-व्युर्टेंबर्ग, हेसेन, ऱ्हाइनलँड-पॅलाटिनेट आणि सारलँड ही चार राज्ये आहेत. बायर्न हे एकटेच राज्य स्वतःची शाखा चालवते. चार, सहा, एक, चार आणि एक ही वाटणी नकाशा समोर ठेवून केलेली नाही, ती संघटनांच्या इतिहासातून आलेली आहे. आपल्याकडे रणजी करंडकात मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे एकाच राज्याचे तीन संघ का खेळतात, याचे उत्तर जसे आजच्या राजकीय नकाशात सापडत नाही, क्रिकेट संघटनांच्या जन्मकथेत सापडते, तसेच हे आहे.

गुंता नेमका कुठे सुरू होतो हे समजायला साधी बेरीज-वजाबाकी पुरते. तिसऱ्या लीगमध्ये 20 संघ असायला हवेत. दर वर्षी तिथले तळाचे चार संघ खाली उतरतात, म्हणजे खालून चारच संघ वर घेता येतात. खाली विजेते मात्र पाच आहेत. चार जागा आणि पाच विजेते हा न जुळणारा हिशेब कुठलाही नियम केला तरी सुटत नाही, कारण कुणीतरी एक विजेता दाराबाहेर राहणारच.

मग पाच संघ खाली पाठवा आणि पाच वर घ्या, असे कुणीही सुचवेल. त्याला तिसऱ्या लीगमधले क्लब तयार नाहीत. 20 पैकी चार संघ उतरणे म्हणजे आत्ताच दर पाचातला एक संघ जातो, पाच उतरायचे ठरले तर दर चारातला एक जाईल. ज्या क्लबांनी पूर्णवेळ कर्मचारी, सरावाची मैदाने आणि युवा प्रशिक्षण केंद्रे यांवर पैसा लावला आहे, त्यांना दर वर्षी इतकी टांगती तलवार नको आहे. दुसरा उपाय म्हणजे पाच शाखांच्या चार करणे. कागदावर हा सोपा दिसतो, पण मग कोणती शाखा मोडायची, हा प्रश्न येतो, आणि पाचांपैकी एकही विभाग स्वतःहून मोडायला पुढे येत नाही.

ही रचना पूर्वीपासून अशीच होती असे मात्र नाही, आणि तिचा इतिहास पाहिल्याशिवाय आजचा हट्ट कळत नाही. 1994 मध्ये रेगिओनाललीगा सुरू झाली तेव्हा ती तिसरी श्रेणी होती आणि तिच्या चार शाखा होत्या. 2000 मध्ये त्या दोनवर आणल्या गेल्या. 2008 मध्ये देशव्यापी तिसरी लीग जन्माला आली, रेगिओनाललीगा एक पायरी खाली सरकून चौथी श्रेणी झाली आणि तिच्या तीन शाखा झाल्या. त्या काळात तीन शाखा, तीन विजेते, तीन बढत्या असा सरळ हिशेब होता. पण लांबचे प्रवास, सुरक्षेच्या आणि स्टेडियमच्या महागड्या अटी यांनी छोटे क्लब मेटाकुटीला आले, शिवाय तक्त्यात मोठ्या क्लबांच्या राखीव संघांची गर्दी झाली. म्हणून 2012 मध्ये तीनच्या पाच शाखा केल्या गेल्या. अंतरे कमी झाली, स्थानिक चुरशी परत आल्या, खर्च आटोक्यात आला. बढतीच्या जागा मात्र तीनच राहिल्या.

2012 नंतरची सहा वर्षे पाचही विजेते आणि नैऋत्य विभागाचा उपविजेता अशा सहा संघांच्या तीन जोड्या लावल्या जात आणि प्रत्येक जोडीतला एक वर जाई. म्हणजे त्या काळात एकाही विजेत्याला थेट बढती नव्हती. मानहाइम शहराचा वाल्डहोफ हा संघ 2016, 2017 आणि 2018 अशी सलग तीन वर्षे या प्लेऑफपर्यंत पोहोचला आणि तिन्ही वेळा हरला. 2017 मध्ये मेप्पेनविरुद्धचे दोन्ही सामने 0-0 राहिले आणि निकाल पेनल्टींवर लागला. 2014 मध्ये फोर्टुना कोलोनने घरचा सामना 1-0 जिंकल्यावर म्युनिकमध्ये बायर्न म्युनिकच्या राखीव संघाने 2-0 अशी आघाडी घेतली होती आणि बढती जवळजवळ त्यांच्या खिशात होती. भरपाई वेळेत चेंडू गोलजाळ्यापाशी नीट अडवला गेला नाही, फोर्टुनाने एक गोल केला, एकूण 2-2 अशी बरोबरी झाली आणि परक्या मैदानावरील गोलच्या नियमाने (एकूण गोल समान असतील तर परक्या मैदानावर जास्त गोल करणारा संघ जिंकतो) कोलोनचा संघ वर गेला. अख्ख्या वर्षाचा निकाल असा एका क्षणात फिरला.

2018-19 पासून जागा तीनच्या चार झाल्या. 2020-21 पासून जो नियम चालू आहे तोच 2024-25 च्या हंगामालाही लागू होता, आणि लोकोमोटिव्हचे काय झाले हे कळायला तो पुरेसा आहे. पश्चिम आणि नैऋत्य या दोन विभागांच्या विजेत्यांना दर वर्षी थेट बढती मिळते. तिसरी थेट जागा उत्तर, ईशान्य आणि बायर्न या तिघांमध्ये आळीपाळीने फिरते. त्या वर्षी ज्यांची पाळी नाही त्या उरलेल्या दोन विभागांचे विजेते एकमेकांशी दोन सामने खेळतात आणि जिंकणारा चौथा संघ ठरतो. पाळीचा क्रम असा चालला : 2020-21 मध्ये ईशान्य, मग बायर्न, मग उत्तर, 2023-24 मध्ये पुन्हा ईशान्य आणि 2024-25 मध्ये पुन्हा बायर्न.

पश्चिम आणि नैऋत्य यांनाच कायमची जागा का, याचे कारण संख्येत आहे. या दोन विभागांत नोंदणीकृत क्लब आणि खेळाडू फार मोठ्या संख्येने आहेत. बायर्नची राज्य संघटना एकटी मोजली तर देशातली सर्वांत मोठी आहे, पण पश्चिम आणि नैऋत्य हे विभाग अनेक राज्य संघटनांच्या बेरजेतून बनलेले असल्याने ते तिच्याही पुढे जातात. या युक्तिवादात तथ्य आहे हे मान्य केले पाहिजे. जास्त संघांतून चाळून वर आलेल्या विजेत्याला जास्त खात्रीची जागा द्यावी, हे तत्त्व म्हणून चुकीचे नाही. पण मैदानावर उतरणाऱ्या खेळाडूला हे तत्त्व वेगळेच दिसते. त्याच्यासाठी आपल्या जिल्ह्यात किती मुले फुटबॉल खेळतात याला काही अर्थ नसतो, त्याने आपल्या तक्त्यातल्या प्रत्येक संघाशी दोनदा लढून पहिला क्रमांक मिळवलेला असतो.

2024-25 मध्ये हा नियम असा लागू झाला. पश्चिमेत डुइसबुर्ग पहिला आला. हा मोठा परंपरेचा क्लब आदल्याच वर्षी तिसऱ्या लीगमधून खाली आला होता आणि एका हंगामात परत वर गेला. नैऋत्येत होफेनहाइमचा राखीव संघ विजेता ठरला. बायर्नमध्ये श्वाइनफुर्टने बाजी मारली आणि पाळी बायर्नची असल्यामुळे त्याला थेट जागा मिळाली. उत्तरेत हावेल्झे आणि ईशान्येत लोकोमोटिव्ह हे दोघे उरले आणि त्यांच्या वाट्याला प्लेऑफ आला. हेच गुण, हेच गोल, हेच 34 सामने घेऊन लोकोमोटिव्ह एक वर्ष आधी विजेता झाला असता तर एकही जादा सामना न खेळता तिसऱ्या लीगमध्ये गेला असता, कारण 2023-24 मध्ये पाळी ईशान्येची होती आणि एनर्गी कॉटबुस हा संघ तसाच सरळ वर गेला. माझ्या मते या नियमातली सर्वांत दुखरी गोष्ट हीच आहे. प्लेऑफ कठोर असला तरी तो निदान मैदानावर ठरतो. पण तो कुणाला खेळावा लागणार आणि कुणाला नाही, हे मात्र दिनदर्शिका ठरवते.

लोकोमोटिव्हचे दुःख या एका पराभवापुरते नाही, म्हणून त्याच्याकडे जरा जवळून पाहिले पाहिजे. लाइपझिगच्या प्रोब्स्टहाइडा भागात ब्रुनो प्लाखं स्टेडियम आहे, 1922 मध्ये बांधलेले. तिथला लाकडी प्रेक्षामंच आजही क्लबची ओळख आहे. हा क्लब स्वतःला ज्या फेएफबे लाइपझिगचा वारस मानतो, त्याने 1903 मध्ये जर्मनीची पहिलीवहिली राष्ट्रीय अजिंक्यस्पर्धा जिंकली होती. पूर्व जर्मनीच्या काळात, 1987 मध्ये, लोकोमोटिव्ह युरोपीय कप विनर्स कपच्या अंतिम सामन्यात पोहोचला. उपांत्य फेरीत बोर्दोविरुद्ध पेनल्टी शूटआऊट झाले आणि गोलरक्षक रेने म्युलरने स्वतः पुढे येऊन निर्णायक पेनल्टी मारली. अथेन्समधला अंतिम सामना आयाक्सने मार्को फान बास्टनच्या गोलवर 1-0 असा जिंकला. जर्मनीच्या एकीकरणानंतर क्लबने जुने नाव घेऊन 1993-94 मध्ये एक हंगाम बुंडेसलीगातही काढला, पण पुढे आर्थिक घडी विस्कटली आणि क्लब दिवाळखोरीत गेला.

तेव्हा चाहत्यांनी लोकोमोटिव्ह हे नाव परत उभे केले आणि 2004 मध्ये संघाला अगदी तळाच्या, अकराव्या श्रेणीतून खेळायला उतरवले. त्या हंगामातला एक सामना लाइपझिगच्या भव्य सेंट्रल स्टेडियमवर झाला. समोर एका छोट्या गावच्या क्लबचा दुसरा संघ होता आणि पाहायला 12,421 माणसे आली होती. देशातल्या सर्वांत खालच्या पायरीवरचा सामना पाहायला एवढी गर्दी! त्यानंतर पायरी पायरी चढत क्लब चौथ्या श्रेणीपर्यंत आला.

2020 मध्ये कोरोनामुळे हंगाम मध्येच थांबला तेव्हा प्रति सामना सरासरी गुणांवर लोकोमोटिव्हला ईशान्येचा विजेता ठरवण्यात आले. प्लेऑफमध्ये समोर पश्चिम विभागातला फेर्ल हा संघ होता. तो तिथला उपविजेता होता, कारण पहिला आलेल्या र्योडिंगहाउझेनने तिसऱ्या लीगच्या परवान्यासाठी अर्जच केला नव्हता. रिकाम्या स्टेडियममध्ये पहिला सामना 2-2 आणि दुसरा 1-1 असा सुटला. लोकोमोटिव्ह एकही सामना हरला नाही, पण परक्या मैदानावर दोन गोल केल्यामुळे फेर्ल वर गेला. पुढच्याच वर्षी, 2021 मध्ये, युरोपीय फुटबॉल संघटनेने आपल्या स्पर्धांतून हा परक्या मैदानावरील गोलचा नियम काढून टाकला. म्हणजे पाच वर्षांत लोकोमोटिव्ह दोनदा आपल्या लीगचा विजेता झाला आणि दोन्ही वेळा तिथेच राहिला.

ईशान्य विभागात या नियमाबद्दल सर्वांत जास्त राग आहे तो यामुळेच. 2022 मध्ये बीएफसी डायनामो, जो पूर्व जर्मनीत 1979 ते 1988 सलग दहा वर्षे राष्ट्रीय विजेता होता, तो ओल्डेनबुर्गविरुद्ध घरी 0-2 हरला. परतीचा सामना त्याने 2-1 जिंकला, पण एकूण गोलांत तो 2-3 असा मागे राहिला. 2023 मध्ये कॉटबुसला उंटरहाखिंगने दोन्ही सामन्यांत हरवले. 2020 चा लोकोमोटिव्ह आणि 2025 चा लोकोमोटिव्ह धरले तर या विभागाच्या विजेत्याने त्या काळात खेळलेले चारही प्लेऑफ हरले. पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. 2013 ते 2018 या सहा वर्षांत ईशान्येच्या विजेत्याने सहापैकी पाच प्लेऑफ जिंकले होते, आणि 2013 मध्ये त्यातूनच वर गेलेला लाइपझिगचाच दुसरा संघ, आरबी लाइपझिग, तीन वर्षांत बुंडेसलीगात पोहोचला. त्यामुळे हा नियम एका विभागाला हरवण्यासाठीच केला आहे, असे म्हणणे बरोबर ठरणार नाही. तक्रार नशिबाची नाहीच. वर्षभराच्या कामगिरीची किंमत दोन सामन्यांवर लावली जाते, ही खरी तक्रार आहे.

याचा परिणाम क्लबच्या कचेरीत काय होतो, हे मैदानाबाहेरून दिसत नाही. प्लेऑफ मे महिन्याच्या अखेरीस किंवा जूनमध्ये होतो आणि नवा हंगाम जुलैच्या शेवटी सुरू होतो. तोवर क्लबला दोन अंदाजपत्रके तयार ठेवावी लागतात, एक तिसऱ्या लीगसाठी आणि एक चौथ्या श्रेणीसाठी. खेळाडूंचे करार बहुधा श्रेणीला बांधलेले असतात, त्यामुळे बढती हुकली की चांगले खेळाडू मोकळे होतात आणि वरच्या श्रेणीतले क्लब त्यांना उचलतात. प्रायोजक थांबतात. म्हणजे विजेता संघ पुढच्या वर्षी त्याच लीगमध्ये परत येतो, पण तोच संघ म्हणून क्वचितच येतो.

परवान्याचा भागही इथेच येतो, आणि तो थोडक्यात सांगता येईल. तिसऱ्या लीगमध्ये खेळायचे तर केवळ पहिला क्रमांक पुरत नाही. आर्थिक तारण, स्टेडियमची क्षमता, दिवे, गवताखालची तापयंत्रणा अशा अटी पूर्ण कराव्या लागतात. लहान गावच्या क्लबांना यामुळे कधीकधी आपले मैदान सोडून जावे लागते. फेर्ल वर गेल्यावर घरचे सामने पाडेरबोर्नला खेळला, आणि 2021 मध्ये बढती मिळालेला हावेल्झे हानोवरच्या मोठ्या स्टेडियमवर. आपल्या गल्लीतला संघ वर गेला तर तो पाहायला दुसऱ्या शहरात जावे लागते, ही या बढतीची एक कडू बाजू आहे.

आता राखीव संघांचा प्रश्न. जर्मनीत मोठ्या क्लबांचे दुसरे संघ, ज्यांत मुख्यतः 23 वर्षांखालचे खेळाडू असतात, याच लीगमध्ये खेळतात. ते तिसऱ्या लीगपर्यंत चढू शकतात, त्यापुढे नाही. 2019-20 मध्ये बायर्न म्युनिकचा राखीव संघ तिसऱ्या लीगचा विजेता झाला आणि तरीही त्याला दुसऱ्या बुंडेसलीगात जाता आले नाही. मुंबईचे भगिनी शहर असलेल्या श्टुटगार्टचे उदाहरण मराठी वाचकांना जवळचे वाटेल, कारण बाडेन-व्युर्टेंबर्ग आणि महाराष्ट्र यांच्यात 2015 पासून राज्य पातळीवर भागीदारीही आहे. 2023-24 मध्ये नैऋत्य शाखेत श्टुटगार्टच्या बुंडेसलीगा क्लबचा राखीव संघ पहिला आला आणि त्याच शहरातला, 1899 मध्ये स्थापन झालेला श्टुटगार्टर किकर्स हा स्वतंत्र क्लब दुसरा. बढतीची एकमेव जागा राखीव संघाला गेली. राखीव संघांमुळे तरुण खेळाडूंना खऱ्या स्पर्धेचा अनुभव मिळतो आणि राष्ट्रीय संघाला त्याचा फायदा होतो, यात शंका नाही. पण तिसऱ्या लीगमधल्या चार मोजक्या जागांपैकी एखादी जागा ज्यांना पुढे चढण्याचीच मुभा नाही त्यांच्याकडे जावी, हे किकर्सच्या चाहत्याला पटवून देणे कठीण आहे.

वरच्या टोकाइतकाच खालचा टोकही गुंतागुंतीचा आहे, आणि त्याकडे फार कमी लोकांचे लक्ष जाते. रेगिओनाललीगातून पाचव्या श्रेणीत किती संघ उतरणार हे हंगामाच्या सुरुवातीला पक्के नसते. तिसऱ्या लीगमधून खाली येणारे चार संघ ज्या त्या विभागात भौगोलिक हिशेबाने पाठवले जातात. एखाद्या विभागात वरून दोन संघ आले तर तिथे दोन जागा जास्त रिकाम्या कराव्या लागतात, एकही आला नाही तर कमी. 2024-25 मध्ये तिसऱ्या लीगमधून डोर्टमुंडचा राखीव संघ, हानोवरचा राखीव संघ, झांडहाउझेन आणि उंटरहाखिंग उतरले, म्हणजे पश्चिम, उत्तर, नैऋत्य आणि बायर्न यांना एकेक संघ मिळाला आणि ईशान्येला एकही नाही. त्यामुळे ईशान्येत तळाशी धडपडणाऱ्या संघांचा चाहता एप्रिल-मे महिन्यांत स्वतःच्या सामन्याइतकाच तिसऱ्या लीगचा निकालही डोळ्यांत तेल घालून पाहतो, कारण शेकडो किलोमीटर दूरच्या मैदानावर पडलेला गोल त्याच्या क्लबला वाचवू किंवा बुडवू शकतो.

चौथ्या श्रेणीतून वर गेलेले संघ तिथे टिकतात का, हा प्रश्नही विचारला जातो, आणि त्याचे उत्तर बढती वाढवण्याची मागणी करणाऱ्यांच्या बाजूचे आहे. सारलँडमधल्या छोट्याशा एल्फर्सबेर्गचा क्लब 2016 आणि 2017 मध्ये प्लेऑफ हरला होता. 2022 मध्ये नैऋत्येचा विजेता म्हणून तो थेट वर गेला, पुढच्याच वर्षी तिसरी लीग जिंकला, आणि 2025 मध्ये तर बुंडेसलीगाच्या दारापर्यंत, हाइडेनहाइमविरुद्धच्या शेवटच्या प्लेऑफपर्यंत पोहोचला. 2023 मध्ये वर गेलेले उल्म आणि प्रॉयसन म्युन्स्टर हे दोघेही एका वर्षात दुसऱ्या बुंडेसलीगात गेले. 2024 चा कॉटबुस तिसऱ्या लीगमध्ये आल्या आल्या वरच्या जागांसाठी झगडला. म्हणजे चौथ्या श्रेणीचे विजेते आणि तिसरी लीग यांच्यातले अंतर कागदावरच्या एका पायरीइतकेही उरलेले नाही.

गोव्याचा फुटबॉल जवळून पाहणाऱ्यांना ही कळ ओळखीची वाटेल. 2007-08 ते 2012-13 या सहा हंगामांत आय-लीग या देशातल्या तेव्हाच्या सर्वोच्च लीगचे सर्व विजेते गोव्याचे होते : धेंपो तीनदा, चर्चिल ब्रदर्स दोनदा, साळगावकर एकदा. पुढे इंडियन सुपर लीगला वरचे स्थान देण्याचा आराखडा पुढे आला तेव्हा, 2016 मध्ये, साळगावकर, स्पोर्टिंग क्लब दी गोवा आणि धेंपो यांनी आय-लीगमधून अंग काढून घेतले. तिथे वर जायची वाटच दिसेनाशी झाली होती, इथे वाट आहे पण ती एक संघ कमी रुंदीची आहे. दोन्हीकडे क्लबचे म्हणणे एकच आहे की मैदानावर मिळवलेल्या गोष्टीला पुढचा दरवाजा असला पाहिजे.

2025 मध्ये विजेत्यांना बढती मिळालीच पाहिजे, या एका मागणीवर ईशान्येतल्या क्लबांनी मोहीम उभी केली आणि तिला इतर विभागांतल्या अनेक क्लबांचाही पाठिंबा मिळाला. एरवी एकमेकांचे कट्टर वैरी असलेले क्लब एका पत्रकाखाली आले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. मागणी सोपी आहे, चार शाखा आणि चार थेट बढत्या. अडचण तिच्या अंमलबजावणीत आहे. चार शाखा करायच्या तर बहुधा ईशान्येचे किंवा उत्तरेचे तुकडे होतील, नाहीतर बायर्नला शेजाऱ्यांशी जोडले जाईल. ईशान्येच्या चाहत्याला लोकोमोटिव्ह, केमी लाइपझिग, येना, एरफुर्ट, बीएफसी यांच्या चुरशी एकाच तक्त्यात हव्या आहेत, कारण त्या सामन्यांना जी गर्दी होते ती अनेक वरच्या श्रेणीतल्या क्लबांनाही मिळत नाही. बायर्नच्या छोट्या क्लबांना कामावरून सुटून शुक्रवारी संध्याकाळी खेळून रात्री घरी परतायचे आहे. लीग तोडली तर बढती मिळेल पण शेजारी दुरावेल, आणि शेजारी राखला तर एखाद्या वर्षी विजेता दाराबाहेर राहील.

तोवर पाळीचा काटा फिरत राहतो. 2024-25 नंतरच्या हंगामात थेट जागेची पाळी उत्तरेची, म्हणून प्लेऑफ ईशान्य आणि बायर्न यांच्या विजेत्यांचा. हावेल्झेविरुद्ध हरल्यावर ब्रुनो प्लाखं स्टेडियमवर नव्या हंगामाची तयारी सुरू झाली, तेव्हा तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होते की पुन्हा 34 सामने खेळून पुन्हा पहिले आलो, तरी आणखी दोन सामने शिल्लक असतील.